शीळ, छडी आणि रुपया : अभिसंधान व प्रबलन यांचा विचार

(बी. ए. द्वितीय वर्ष)

संध्याकाळी औत सुटले की आमचे आजोबा बैलांना हौदावर नेतात. बैल दमलेले असतात. इकडे तिकडे पाहत उभे राहतात. मग आजोबा ओठ मुडपून हलकी, लांब शीळ घालतात आणि बैल माना खाली घालून पाणी पिऊ लागतात. मराठवाड्यातल्या कोणत्याही खेड्यात हे दृश्य दिसेल. लहानपणी मला वाटे की शिळेत काहीतरी जादू असावी. महाविद्यालयात आल्यावर मानसशास्त्राच्या तासाला ‘अध्ययन’ हे प्रकरण सुरू झाले, आणि रशियातील कुत्र्याची गोष्ट ऐकता ऐकता मला आमचा हौद आठवला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. पुस्तकातली एखादी गोष्ट आपल्या अंगणातही घडते आहे, हे त्या दिवशी प्रथमच जाणवले. त्या जाणिवेतून हा लेख लिहीत आहे.

‘शिकणे’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाटी, पुस्तक आणि परीक्षा येते. मानसशास्त्रात या शब्दाचा अर्थ अधिक व्यापक आहे. अनुभव किंवा सराव यांमुळे वर्तनात होणारा, बऱ्यापैकी टिकणारा बदल म्हणजे अध्ययन. या व्याख्येत चांगले शिकणे व वाईट शिकणे असा भेद नाही. मूल पाढे शिकते तसे भिणेही शिकते. अक्षर शिकते तसे शाळा चुकवणेही शिकते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावरच उभे आहे.

अभिजात अभिसंधान

इव्हान पावलॉव्ह (१८४९–१९३६) हे मुळात शरीरशास्त्रज्ञ. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याच्या तोंडात अन्न पडले की लाळ किती सुटते, हे मोजत असताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच कुत्र्याला लाळ सुटू लागे. पावलॉव्ह यांनी हा प्रकार किरकोळ म्हणून सोडून दिला नाही. त्यांनी मेट्रोनोमचे ठोके ऐकवून लगेच अन्न देण्याचा क्रम पुन्हा पुन्हा केला. पुढे नुसते ठोके ऐकूनही लाळ सुटू लागली.

येथे अन्न हा नैसर्गिक उद्दीपक होय. त्याने लाळ सुटते हे कोणी शिकवावे लागत नाही. ठोका हा मुळात तटस्थ. परंतु अन्नाच्या सोबतीने तो अभिसंधित उद्दीपक बनला. या प्रक्रियेला अभिजात अभिसंधान म्हणतात. पुढे ठोके वाजत राहिले पण अन्न आलेच नाही, तर लाळ हळूहळू कमी होऊन थांबते. हे विलोपन. मात्र काही काळ विश्रांती दिल्यावर पुन्हा ठोका ऐकवला तर थोडी लाळ परत सुटते. याला उत्स्फूर्त पुनरागमन म्हणतात. म्हणजे विलोपनाने शिकलेले पुसले जात नाही. ते दबून राहते.

पावलॉव्ह यांचा कुत्रा सुखाची गोष्ट शिकला. पण याच मार्गाने भयही शिकता येते. १९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन व रोझाली रेनर यांनी सुमारे अकरा महिन्यांच्या एका बालकावर प्रयोग केला. ‘अल्बर्ट’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. पांढऱ्या उंदराला हे मूल आधी मुळीच भीत नव्हते. मुलाने उंदराला हात लावला की त्याच्या मागे पोलादी कांबीवर हातोडा मारून मोठा आवाज करायचा, असे काही वेळा केल्यावर मूल नुसता उंदीर पाहूनच रडू लागले. एवढेच नव्हे, तर ससा, कुत्रा आणि केसाळ कोट यांनाही ते घाबरू लागले. याला सामान्यीकरण असे म्हणतात. त्या बालकाची भीती घालवण्याचे मात्र राहूनच गेले. आज असा प्रयोग कोणी करू म्हणेल तर त्याला परवानगी मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे.

पण प्रयोगशाळेत ज्याला मनाई, ते वर्गात सहज घडत आले आहे. तिसरीत असताना मला सतराचा पाढा आला नाही म्हणून हाताच्या पेरांवर पट्टीचे मार बसले. मुळात मी पट्टीला भीत होते. काही दिवसांनी गणिताच्या तासाची घंटा झाली की माझे हात गार पडू लागले. मग खडूचा फळ्यावरचा आवाज, चौकटीची वही, सतरा हा आकडा, अशी भीती पसरत गेली. दहावीच्या गणिताच्या पेपरातही येत असलेले उदाहरण पाहून माझ्या पेरांना घाम आला होता. मी गणितात कच्ची आहे असे सगळे म्हणत, मीही म्हणे. अल्बर्टविषयी वाचल्यावर मला प्रथमच शंका आली की, मी गणितात कच्ची होते की गणिताच्या तासाला मी भलताच धडा पक्का शिकले होते?

सुदैवाने या प्रकरणाचा दुसरा भागही आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची सशाविषयीची भीती घालवली. पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा दूर ठेवायचा, आणि मूल शांत आहे असे पाहून रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. भीती जशी शिकता येते तशी ती घालवताही येते, पण रागावून नव्हे, तर टप्प्याटप्प्याने.

साधक अभिसंधान व प्रबलन

अभिजात अभिसंधानात प्राणी काही करत नाही, त्याच्यावर काही घडते. परंतु आपले बरेचसे वर्तन आपण होऊन केलेले असते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांना पेटीत बंद करून बाहेर मासा ठेवला. मांजर ओरबाडे, धडपडे. चुकून कधी कळ दाबली जाऊन दार उघडे. पुढच्या प्रत्येक वेळी निरुपयोगी धडपड कमी होत गेली. ज्या कृतीचा परिणाम समाधानकारक होतो ती कृती दृढ होते, असा ‘परिणामाचा नियम’ त्यांनी मांडला.

हाच धागा बी. एफ. स्किनर (१९०४–१९९०) यांनी पुढे नेला. त्यांच्या पेटीतील उंदीर तरफ दाबतो आणि अन्नाची गोळी मिळवतो. ज्या घटनेमुळे आधीची कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते, त्या घटनेला प्रबलन म्हणावे. या अध्ययनाला साधक अभिसंधान असे नाव आहे, कारण येथे वर्तन हे फळ मिळवण्याचे साधन असते.

नवा गोऱ्हा औताला लावताना जाणता शेतकरी हेच करतो. पहिल्याच दिवशी तो त्याला नांगराला जुंपत नाही. आधी मानेवर हात फिरवतो, मग नुसते जू ठेवतो, मग शहाण्या बैलाच्या जोडीला रिकामा चालवतो, मग हलके लाकूड ओढायला लावतो. प्रत्येक टप्प्याला पाठ थोपटणे किंवा ढेपेचा खडा. हव्या असलेल्या वर्तनाच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येक पावलाला प्रबलन देऊन वर्तन घडवण्याच्या या पद्धतीला मानसशास्त्रात आकारण म्हणतात. आजोबांनी स्किनरचे नावही ऐकलेले नाही. आणि आमच्या हौदावरची शीळही बहुधा याच जातीची असावी. शिळेने तोंडाला पाणी सुटत नाही, तर ‘आता पाणी आहे, थांबायला वेळ आहे, पी’ अशी ती खूण आहे. बैल खुणेप्रमाणे वागतो आणि पाणी हे त्याचे प्रबलन ठरते.

येथे एका नेहमीच्या गैरसमजाचा खुलासा करणे अवश्य आहे. परीक्षेत अनेक विद्यार्थी ‘ऋण प्रबलन’ म्हणजे शिक्षा असे लिहितात. ते बरोबर नाही. धन असो वा ऋण, प्रबलनाने वर्तन वाढतेच. काही सुखद मिळाल्याने वर्तन वाढले तर धन प्रबलन; काही दुःखद टळल्याने वाढले तर ऋण प्रबलन. शिक्षेने वर्तन तात्पुरते दबते, एवढेच. स्किनर यांचे शिक्षेविषयीचे मत प्रतिकूल होते. शिक्षा काय करू नये ते सांगते, काय करावे ते शिकवत नाही. आणि शिक्षा करणारा दूर झाला की दबलेले वर्तन डोके वर काढते.

हा भेद मला पुस्तकातून कळला नाही, माझ्या धाकट्या भावामुळे कळला. तो सहावीत आहे. गेल्या पावसाळ्यात दर आठवड्याला त्याच्या पोटात दुखू लागे. माय त्याला ओवा देई आणि तो घरी राही. दहा वाजून गेले की पोट बरे. बापूंनी ‘सोंग करतो’ म्हणून त्याला दोन चापट्या मारल्या. दोन दिवस तो शाळेत गेला, तिसऱ्या दिवशी शाळेच्या नावाने निघून नदीकाठी बसून राहिला. मी विचार केला तेव्हा साखळी उलगडली. वर्गात मार, म्हणून शाळेची भीती. हे अभिजात अभिसंधान. पोट दुखले की शाळा टळते, भीती उतरते, म्हणून पोटदुखी वाढते; हे ऋण प्रबलन. पोट त्याचे खरोखरच दुखत होते. तो सोंग करत नव्हता, तो शिकत होता. आणि घरच्या चापट्यांनी त्याला शाळा आवडली नाही, फक्त लपण्याची जागा बदलली.

प्रबलन केव्हा व कसे

प्रबलन किती मोठे आहे यापेक्षा ते केव्हा आणि कोणत्या हिशेबाने मिळते याला अधिक महत्त्व आहे. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. हे स्थिर गुणोत्तर, म्हणून हात भराभर चालतो. आठवड्याच्या बाजाराला मिळणारा पगार हे स्थिर कालांतर. आणि मटका किंवा लॉटरी हे बदलते गुणोत्तर. कितव्या वेळी लागेल हे माहीत नसते, म्हणून माणूस थांबत नाही. या प्रकारे जडलेली सवय विलोपनाला सर्वांत चिवटपणे विरोध करते, असे प्रयोगांनी दाखवले आहे. मोबाईल पुन्हा पुन्हा उघडून पाहणाऱ्या आपल्या पिढीने मटक्याला नावे ठेवण्याआधी थोडा विचार करावा.

आपल्या महाराष्ट्रातील काही शासकीय योजना या दृष्टीने अभ्यासण्याजोग्या आहेत. अनुसूचित जाती, जमाती व भटक्या-विमुक्त जमातींतील दारिद्र्यरेषेखालील मुलींची गळती थांबावी म्हणून राज्याने १९९२ साली पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थितीच्या दिवसाला १ रुपया भत्ता सुरू केला. त्यासाठी किमान ७५ टक्के उपस्थितीची अट होती. माझी माय त्या भत्त्यातली. तिला विचारले तर ती म्हणते, “पैसे आज्याच्या हाती जायचे. मला आठवतं ते गुरुजींनी सगळ्यांपुढं धडा वाचाया लावलेला.” या एका वाक्यात मोठा प्रश्न आहे. प्रबलन ज्याला मिळते त्याचे वर्तन दृढ होते. रुपयाने पोरीला शाळेत पाठवण्याचे आज्याचे वर्तन टिकले. वाचण्याचे मायचे वर्तन टिकले ते शाबासकीने. चौथीनंतर भत्ता संपला, पाचवीची शाळा परगावी आणि घरात तान्हा भाऊ. मायची शाळा सुटली. पण वाचणे सुटले नाही. आजही किराण्याच्या पुडीचा कागद ती वाचल्याशिवाय टाकत नाही.

दुसरे उदाहरण पोषण आहाराचे. देशात ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, तेव्हा ठरावीक उपस्थिती असलेल्या विद्यार्थ्याला महिन्याला ३ किलो तांदूळ घरी नेण्यास मिळत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील आदेशानंतर शाळेतच शिजवलेले अन्न देणे सुरू झाले. पोट दोन्हींनी भरते, पण अध्ययनाच्या दृष्टीने फरक मोठा आहे. तांदूळ महिन्याने व घराला मिळे. खिचडी त्याच दिवशी, त्याच जागी, त्या मुलालाच मिळते. प्रबलन तात्काळ असावे हा नियम याहून सोप्या रीतीने कसा सांगावा?

तिसरे उदाहरण ग्रामस्वच्छतेचे. २००० साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, आणि तालुक्यापासून राज्यापर्यंत गावागावांत बक्षिसांची चढाओढ लागली. पुढे केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कारही आला. बक्षिसासाठी गावे झटली, रस्ते झाडले गेले, शौचालये बांधली गेली. उघड्यावर बसणाऱ्यांसाठी ‘गुड मॉर्निंग पथके’ही निघाली. परंतु पुरस्कार मिळून गेल्यावर अनेक गावे पुन्हा जुन्या वळणावर गेल्याचे नंतरच्या पाहण्यांत दिसले. पथक आले की लोक उठत, गेले की बसत. विलोपन आणि शिक्षेची मर्यादा, दोन्ही येथे दिसतात. जेथे पाण्याची सोय झाली व शौचालय वापरणे हेच सोयीचे वाटू लागले, तेथे सवय टिकण्याचा संभव अधिक.

मर्यादा

मग माणूस म्हणजे केवळ ढेपेच्या खड्यामागे चालणारा गोऱ्हा काय? तसे मानणे चूक ठरेल. कोहलर यांच्या चिंपांझीने दोन काठ्या एकमेकींत घालून केळे ओढले ते मर्मदृष्टीने. टोलमन व हॉन्झिक यांनी १९३० साली दाखवले की, अन्नाविना दहा दिवस भुलभुलय्यात हिंडलेले उंदीर अन्न मिळू लागताच झपाट्याने बरोबर वाटेने जाऊ लागतात; म्हणजे प्रबलनाशिवायही ते शिकत होते. बांडुरा यांनी १९६१ च्या प्रयोगात मुले नुसती पाहूनही शिकतात हे दाखवले. आमच्याकडे याचे उदाहरण गाडगेबाबांचेच (१८७६–१९५६). बाबा गावात आले की आधी स्वतः झाडू घेऊन रस्ता झाडत, कीर्तन त्यानंतर. त्यांनी कोणाला बक्षीस लावले नाही, पण त्यांना पाहून लोकांच्या हाती झाडू आला.

बक्षिसालाही दुसरी बाजू आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांपैकी काहींना आधीच सांगून प्रशस्तिपत्र दिले. पुढे मोकळ्या वेळात याच मुलांची चित्रांची ओढ कमी झालेली आढळली. ज्यांना अनपेक्षित प्रशस्तिपत्र मिळाले त्यांचे तसे झाले नाही. मुळात आवडणाऱ्या कामाला लालूच लावली की आवड मागे पडून लालूच पुढे येते. ताराबाई मोडक यांच्या बालशिक्षणातही शिक्षा व आमिष या दोहोंना स्थान नव्हते. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, या विचारातून त्यांनी व अनुताई वाघ यांनी अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. शाळेचा धाक घालवण्याचा हा किती सरळ मार्ग!

भावाचे पुढे काय झाले

शेवटी घरातील प्रयोगाविषयी सांगते. शास्त्रीय अर्थाने तो प्रयोग नव्हे, हे मला मान्य आहे. दिवाळीनंतर मी रोज संध्याकाळी भावाला घेऊन ओट्यावर बसू लागले. पहिला आठवडा वही उघडलीच नाही. हळदीच्या पोत्यांचे वजन, एस. टी. ची भाडी, असे हिशेब बोलता बोलता केले. मग खडूने फरशीवर, मग वहीत. जमले की लगेच ‘बरोबर’ म्हणायचे. चुकले तर गप्प राहून सोपे उदाहरण द्यायचे. शाळा बुडवली त्या दिवशी मायने त्याला ओवा दिला, पण खेळायला सोडले नाही आणि रागेही भरली नाही. महिनाभरात पोटदुखी थांबली. मग एके दिवशी वर्गात पुन्हा मार बसला आणि दुसऱ्या दिवशी पोट पुन्हा दुखू लागले. महिन्याची मेहनत एका पट्टीने धुऊन गेली असे वाटून मला रडू आले.

त्या रात्री मी बापूंना सांगितले की, शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम १७ नुसार मुलाला मारणे किंवा मानसिक त्रास देणे यास मनाई आहे. बापू कधी शाळेत गेले नव्हते, ना शिकायला ना विचारायला. दुसऱ्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून गेले. दारात उभे राहून त्यांनी गुरुजींना नमस्कार केला आणि म्हणाले, “चुकला तर मला निरोप धाडा, पण हात उगारू नका. मी बी उगारणार न्हाई.” गुरुजींनी त्यांना आत बोलावून बसवले, एवढेच मला भावाकडून कळले. त्यानंतर मार बसलेला नाही. सोमवारी अजूनही कधी कधी पोट दुखते. आता मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. उत्स्फूर्त पुनरागमन म्हणतात ते हेच. आम्ही घाबरत नाही, तो दप्तर उचलतो आणि जातो.

सारांश, अभिसंधान व प्रबलन हे केवळ परीक्षेपुरते पाठ करण्याचे शब्द नव्हेत. घरात, वर्गात आणि गावात आपण सतत कोणाला तरी काहीतरी शिकवत असतो, बहुधा नकळत. आपल्यापैकी अनेक विद्यार्थी उद्या शिक्षक होतील, आणि सारेच बहुधा आई-बाप होतील. तेव्हा पट्टी उचलण्यापूर्वी एवढे मनाशी विचारावे की, या क्षणी हे मूल गणित शिकत आहे की भीती? बैलाला पाणी पाजताना माझे आजोबा चाबूक बाजूला ठेवतात. ते काम शिळेने होते, हे त्यांना ठाऊक आहे.